शरयूताई आणि जमिनीखालची अक्षरं

शरयूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होतो. तांब्याच्या पातेल्याला आतून कल्हई लागते हे त्याला मान्य नव्हतं. त्याने मोबाइलवर काहीतरी वेगळं वाचलं होतं. तेवढ्यात नारायण पेठेतून लेलेवहिनींचा फोन आला. त्या शरयूताईंच्या खालच्या मजल्यावर राहतात. "दिनकरराव, ताई गेल्या हो... दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं, तर खुर्चीतच होत्या. झोप लागल्यासारख्या." मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "तुमचंच बरोबर आहे, तसंच वापरा." कसबा पेठेत दुकान चालवणाऱ्या माणसाने हातातला वाद असा सोडून द्यावा, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं असेल. शटर ओढलं आणि चालत निघालो. शनिवारवाड्यापाशी आल्यावर लक्षात आलं की पायात दुकानातल्या सपाता तशाच आहेत.

आता महिना-दीड महिना झाला. भेटणारे लोक विचारतात, "त्या बाई इतकी वर्षं करत काय होत्या?" पेठेत याची उत्तरं बरीच आहेत. कोणी म्हणतं भूकंपाचं यंत्र करत होत्या, कोणी म्हणतं गुप्तधन शोधत होत्या. एका गृहस्थांनी तर 'आमच्याही जागेत काही लागतंय का, एकदा बघून जा' असा निरोप ठेवला होता. ताई करत होत्या ते सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. जमिनीच्या पोटात अडकलेल्या माणसाचे चार शब्द वर आणायचे, बस. मोबाइल तळघरातसुद्धा मान टाकतो. नेहमीच्या रेडिओच्या लहरी खडकात शिरल्या की विरून जातात. पण अगदी कमी कंपनांच्या, संथ लहरी असतात, त्या मातीतून, कातळातून वाट काढतात. फक्त त्या इतक्या संथ असतात की त्यांच्यावर माणसाचा आवाज चढवता येत नाही. अक्षरं चढवता येतात, एकामागून एक. प्रत्येक अक्षर तीनदा पाठवायचं, म्हणजे दोन वेळा बिघडलं तरी एकदा पोचेल. एक अक्षर जायला पोळी भाजायला लागतो तेवढा वेळ. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढ्या हळू कोण बोलणार?" त्या म्हणाल्या, "हळू चालेल. कमी बोला. पुण्यात जन्म काढलात ना?"

त्यांची माझी ओळखही अशीच कमी बोलण्यातून झाली. दुपारची वेळ, दुकानात मी एकटा. कॉटनची साडी, खांद्याला शबनम, केस पांढरेशुभ्र. आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तांब्याची तार आहे?"

"ताई, हे भांड्यांचं दुकान आहे."

"ते दिसतंय. तार आहे का, ते विचारलं."

नव्हती. पण असं विचारणाऱ्या माणसाला नुसतं 'नाही' म्हणून पाठवणं मला जमेना. पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका ओळखीच्याकडून मी तार आणवून दिली. मग 'एवढी कशाला हो?' हे विचारणं आलंच. आमच्याकडे गिऱ्हाइकाने घंगाळ नेलं तरी आम्ही विचारतो, लग्न की वास्तुशांत? त्यांनी स्टूल ओढलं आणि वाघोलीची हकिकत सांगितली.

त्यांच्या भाच्याने वाघोलीला फ्लॅट घेतला होता. इमारत उभी राहत होती, ती बघायला ताई गेल्या होत्या. शेजारच्या प्लॉटवर सांडपाण्याच्या लाइनसाठी खोल चर खणला होता आणि त्याची एक कड त्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसली. आत सिमेंटच्या नळात शिरून काम करणारा एक मजूर दोन्हीकडून मातीने बंद झाला. सुरुवातीला धावपळ झाली, जेसीबी आला, लोक ओरडले, हाका मारल्या. आतून काही उत्तर नाही. हळूहळू लोकांचे आवाज उतरले. कोणीतरी म्हणालं, "गेला असेल, आता घाई करून काय..." आणि खणणं खरोखरच मंदावलं. जेवणाची सुट्टी झाली. संध्याकाळी माती उपसली तेव्हा तो माणूस जिवंत निघाला. भंडाऱ्याकडचा, देवराव नावाचा. ताई दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा घेऊन त्याला इस्पितळात भेटायला गेल्या. तेव्हा त्याने जे सांगितलं ते त्यांनी मला त्याच्याच बोलीत सांगितलं होतं, आणि पुढे देवरावकडूनही मी ते ऐकलं.

"मले समदं आयकू येत होतं ताई. भेगेतून लोकायचा आवाज येत होता. 'गेला असन' म्हनत होते वरतं. मी आतून बोंबलून राह्यलो होतो, पन माहा आवाज कोनालेच जात नोता."

हे सांगताना ताईंचा स्वर जरासुद्धा हलला नाही. चष्मा मात्र काढून बराच वेळ पुसत बसल्या. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंग विभागात झाली होती. तयार मालात खोड काढून तो परत पाठवणं हेच काम. लग्न केलं नव्हतं; का नाही, हे विचारायची हिंमत लेलेवहिनींनाही झाली नाही, म्हणजे बघा. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, गाण्याच्या क्लासला जातात. ताईंनी ठरवलं की खाली माणूस जिवंत आहे हे वरच्यांना कळेल असं यंत्र करायचं, आणि ते जमिनीखाली काम करणाऱ्यांच्या हाताशी आधीपासून ठेवायला लावायचं. "खणणारे हात थांबले कशामुळे? माती जास्त होती म्हणून नव्हे. बातमी नव्हती म्हणून," असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात ओढला गेलो तो गेलोच.

माझ्या दुकानाच्या मागे एक कोरडी विहीर आहे. चांगली खोल, पायऱ्यांची. एक पेटी घेऊन मी तळाशी बसायचं आणि ताईंनी दुसरी पेटी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर. विहिरीच्या काठावर त्या कधीच बसल्या नाहीत. "विहिरीच्या तोंडातून आलेलं चालणार नाही, जमिनीतून आलं पाहिजे." लाकडी चौकटीवर तारेचं वेटोळं, ते पेटीला जोडलेलं, समोर छोटा पडदा आणि बटणं. गंमत म्हणजे आमच्या आळीत दिवसभर तांब्यावर हातोडे पडतात, त्या गोंगाटाचा पेटीला पत्ताही नसे. पण कुणाच्या घरात मोबाइलचा चार्जर लावलेला असला की ती बहिरी. विजेच्या तारा, पंखे, मोटारी यांची एक गुणगुण जमिनीवर सतत पसरलेली असते, आपल्याला ती ऐकू येत नाही आणि त्या पेटीला दुसरं काही ऐकू येत नाही. शहरात ती गुणगुण थांबणार कधी? तर गुरुवारी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. सगळी पेठ गुरुवारच्या नावाने खडे फोडते, पाणी चढत नाही, लिफ्ट बंद, आणि आम्ही दोघं गुरुवारची वाट बघत असायचो. वीज गेली रे गेली की ताईंचा फोन, "गेली. उतरा."

पहिल्यांदा अक्षरं पोचली तो गुरुवार मला लख्ख आठवतो. मी खाली बसून उत्साहाने टाइप केलं होतं, 'नमस्कार ताई, मी दिनकर, विहिरीच्या तळाशी सुखरूप आहे, आपल्याला ऐकू येते काय?' ते जायला अर्धा तास लागला असेल. मग पडद्यावर वरून उत्तर यायला लागलं, एक अक्षर, मग दुसरं. उत्तर होतं, 'लहान लिहा.' त्या थंडगार विहिरीत मी एकटा मोठ्याने हसलो. वर येऊन देवळाशी गेलो तेव्हा ताई ओट्यावर बसून पेटी आवरत होत्या. चेहऱ्यावर आनंद होता, पण तोंडाने म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी पुन्हा. एकदा आलं ते योगायोगानेही येतं."

असे किती गुरुवार गेले. पेटी लहान झाली, वेटोळं मोठं झालं, अक्षरं बिनचूक यायला लागली. दरम्यान देवराव बोगद्यांच्या कामावर गेला होता. शहराबाहेर डोंगर पोखरून पाणी आणायचं एक काम चालू होतं, तिथे तो एका शिफ्टचा मुकादम झाला. ताईंचं आणि त्याचं फोनवर बोलणं असायचं. त्यानेच तिथल्या तरुण इंजिनिअरला गळ घातली आणि एका मंगळवारी आम्हाला पेटी दाखवायला बोलावणं आलं. ताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. मी टेम्पोत चौकटी चढवल्या. पेटी घेऊन देवराव आत गेला, अगदी टोकाला, जिथे खडक फोडतात तिथपर्यंत. ताई डोंगराच्या उतारावर वेटोळं पसरून बसल्या. आणि पडद्यावर आलं ते... काहीही. एक अक्षर धड नाही. पाणी उपसायचे पंप, आत हवा ढकलणारे अजस्र पंखे, वेल्डिंग, खडक फोडायची यंत्रं. त्या गुणगुणीपुढे आमची पेटी म्हणजे मांडवात हळू बोलणारी नवरी. इंजिनिअर भला मुलगा होता. तो म्हणाला, "मॅडम, लंचमध्ये आपण सगळं वीस मिनिटं ऑफ ठेवू शकतो. तेव्हा ट्राय करू या?"

ताई म्हणाल्या, "नको. चला दिनकरराव."

टेम्पोत मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, अपघात झाला की यंत्रं बंदच करतील ना? मग येईलच की ऐकू." त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "पंप बंद केला तर आत पाणी चढेल. पंखा बंद केला तर माणसं गुदमरतील. त्यांना बुडवून मग त्यांचं ऐकायचं का?" बराच रस्ता गेल्यावर त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण गुरुवारी अभ्यास केला. पेपर मंगळवारी होता."

त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता हे संपलं. वय झालेलं, गुडघे दुखत होते, आणि हाती आलं म्हणता म्हणता सगळं मुळापासून चुकलेलं. दुसऱ्या माणसाने चौकटी माळ्यावर टाकल्या असत्या. मी तीन दिवसांनी, जरा धीर द्यावा म्हणून, नारायण पेठेत गेलो, तर जिन्यातूनच कानठळ्या बसवणारा आवाज. लेलेवहिनींच्या घरात मिक्सर चालू, वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन, खाली पाण्याची मोटर, आणि लिफ्ट रिकामीच वर-खाली फिरतेय. वहिनी दारात हात पुसत उभ्या होत्या. "यांनी इतकी वर्षं आमचे पंखे बंद करायला लावले, ते आम्ही केले. आता म्हणतात सगळं लावा. मिक्सरमध्ये घालायला काही नाहीये हो, नुसताच फिरवतेय मी!" वरून ताईंचा आवाज आला, "वहिनी, थांबू नका!" मी धीर देण्यासाठी केलेली भाषणाची तयारी जिन्यातच टाकून वर गेलो.

त्यानंतर लिफ्टजवळ एक कागद लागला: 'गुरुवारी वीज नसल्यामुळे प्रयोग होणार नाही. इतर सर्व दिवशी मिक्सर मनसोक्त वापरावेत.' सोसायटीत यावरून खूप टोमणे झाले आणि सहकार्यही तेवढंच झालं. आमच्याकडे ती दोन्ही एकत्रच येतात. ताईंनी शेवटी वाट काढली ती अशी. दोन वेटोळी घ्यायची. एक नेहमीचं, जमिनीखालचं ऐकणारं. दुसरं मुद्दाम यंत्रांच्या जवळ ठेवायचं, म्हणजे ते नुसता गोंगाटच ऐकेल. मग पहिल्याच्या ऐकण्यातून दुसऱ्याचं ऐकणं वजा करायचं. "उरेल तो माणूस," त्या म्हणाल्या. हे वाक्याइतकं सोपं नव्हतं. वजाबाकी जुळायला पावसाळा गेला, दिवाळी गेली. अधेमधे त्या चिडायच्या, माझ्यावर, तारेवर, स्वतःवर. पण 'जमत नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. 'अजून जमलं नाही' असं म्हणायच्या.

पुन्हा बोगद्यावर गेलो तेव्हा त्यांनी इंजिनिअरला आधीच बजावलं, "काहीही बंद करायचं नाही. उलट वेल्डिंग जरा जास्त करा." देवराव आत गेला. आम्ही उतारावर बसलो. एक वेटोळं आमच्यापाशी, एक पंपांच्या शेडजवळ. पडदा कोरा. मी देवाचं नाव घेत होतो, ताई नुसत्या बघत होत्या. मग 'मी' आलं. मग थोड्या वेळाने 'दे', मग 'व'... 'मी देवराव. जिता हाय.' त्याने ते कोणी न सांगता, स्वतःच्या मनाने लिहिलं होतं. माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत, साठी उलटलेल्या माणसाने लपवायचं कुणापासून? ताईंनी पदराने पडदा पुसला, तो मुळीच खराब नव्हता, आणि बटणं दाबली: 'पुन्हा पाठवा.' त्याने पुन्हा पाठवलं. तेच, जसंच्या तसं. मग इंजिनिअरकडे वळून म्हणाल्या, "पेटी इथे राहील. दर शिफ्टला खाली जाईल, शिफ्टबरोबर वर येईल. लिहून देता?" त्याने लिहून दिलं.

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही दोघं पेट्या तपासायला जायचो. याच काळात त्यांनी मला डाग द्यायला, म्हणजे तारांचे जोड सोल्डर करायला, शिकवायला घेतलं. मी जातीचा कारागीर, माझा हात लहानपणापासून धातूत, त्यामुळे मी तोऱ्यात बसलो आणि पहिल्याच जोडावर शिशाचा एवढा मोठा गोळा बसवला. त्या म्हणाल्या, "हे घंगाळ नाही, दिनकरराव. थोडं कमी प्रेम करा." मी म्हटलं, तुम्ही आहात की, मला कशाला शिकवता? त्यावर, "मी अमरपट्टा घेऊन आलेले नाही," एवढंच. मी ते थट्टेवारी नेलं. शिकलो, पण अर्धवटच.

त्या गेल्यावर पहिल्या मंगळवारी मी गेलो नाही. दुसऱ्याही नाही. काय करणार होतो जाऊन? तिसऱ्या मंगळवारी सकाळी इंजिनिअरचा फोन आला. पेटी बंद पडली होती. "सर, मॅडमबद्दल रिस्पेक्ट आहेच. पण आता मेंटेनन्स कोण करणार? आमच्याकडे वायरचा फोन आहे आत. मी म्हणतो, डिसकंटिन्यू करू या." मी उत्तर द्यायच्या आत मागून देवरावचा आवाज ऐकू आला, तो फोनसाठी नव्हे, इंजिनिअरसाठी होता. "सायेब, वायर दरडीखाली पह्यले तुटते. पेटी खाली गेल्याबिगर माही शिफ्ट खाली जात नाई." मग इंजिनिअर काहीतरी बोलला, आणि देवराव म्हणाला, "बशीन मी अठीच. काही घाई नाई." फोन तसाच चालू होता. मग त्याच्या शिफ्टमधली माणसं एकेक करून खाली बसल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी टेम्पो काढला. जाऊन पेटी आणली आणि सरळ नारायण पेठेत गेलो. ताईंचा भाचा जागा आवरतोय, पण टेबल त्याने अजून हलवलेलं नाही. लेलेवहिनींनी दार उघडून दिलं. खुर्चीत बसायला मला जरा वेळ लागला. मग बसलो. पेटी उघडून ताईंच्या पद्धतीने एकेक जोड हलकेच हलवत गेलो आणि सापडला, वेटोळ्याची जाड तार जिथे आत शिरते तिथला जोड बोगद्याच्या हादऱ्याने उचकटला होता. पहिला डाग गोळा झाला. काढला. दुसरा धरायच्या आधीच थंड पडला, तोही काढला. तिसरा बसला, चकचकीत, तांदळाच्या दाण्याएवढा. पाठीमागे उभ्या असलेल्या लेलेवहिनी न सांगता खाली गेल्या, आणि मिनिटभरात मिक्सर सुरू झाला. त्या आवाजात मी पेटी तपासली. वहिनी रडत होत्या हे मला त्या वर आल्यावर कळलं.

दुपारी पेटी घेऊन देवरावची शिफ्ट आत गेली. मी उतारावर वेटोळं पसरून बसलो, एकटाच. पंप धडधडत होते, पंखे घोंघावत होते, आणि जोड मी दिलेला असल्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. बऱ्याच वेळाने पहिलं अक्षर उमटलं, मग दुसरं. मी श्वास रोखून वाचत होतो. डोंगराच्या पोटातून, एवढ्या कातळातून, सगळ्या गोंगाटातून वाट काढत सावकाश वर आलेला निरोप होता, 'चहा पाठवा. आठ.'

मी उत्तर दिलं आणि आठ चहा सांगायला उठलो.